भाड्याची होडी आणि शिडाचा मासा

आपल्याकडे मासे कोण धरतो? कोळी धरतो. गाबीत धरतो, खारवी धरतो, नदीवर भोई धरतो. मासळी बाजारात जाते, चार पैसे हाती येतात, त्यावर घर चालते. मासे धरणाऱ्याला पैसे मिळतात, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

आता उलटी रीत ऐका. काही बंदरांवर मासे धरणारा माणूसच पैसे देतो. तो होडी भाड्याने घेतो. होडीबरोबर तांडेल येतो, खलाशी येतो, गळ, दोरी, आमिष सगळे येते. दिवसभर समुद्रावर राहून हा गिऱ्हाईक एक मोठा मासा गळाला लावतो. अर्धा तास त्याच्याशी झुंजतो. आणि मासा होडीजवळ आला की त्याला सोडून देतो! संध्याकाळी रिकाम्या हाताने, पण हसतमुखाने घरी जातो.

कुणी आजोबा म्हणतील, "अहो गुरुजी, पदरमोड करून मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा, ही कसली तऱ्हा?" आजोबांचा प्रश्न बरोबर आहे. या पाठात आपण तोच सोडवून पाहू. कारण या तऱ्हेवर कितीतरी घरांची चूल पेटते.

बेटांची माळ

अमेरिका देशाचा नकाशा उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात जमिनीची एक जीभ समुद्रात उतरलेली दिसेल. ते फ्लोरिडा राज्य. त्या जिभेच्या टोकापासून पुढे लहान लहान बेटांची माळ गेली आहे. या बेटांना फ्लोरिडा कीज म्हणतात. 'की' म्हणजे इथे किल्ली नव्हे बरं का. स्पॅनिश भाषेत छोट्या बेटाला 'कायो' म्हणतात, त्याचा तो अपभ्रंश. माळेतले शेवटचे मोठे गाव की वेस्ट. तिथून समुद्रापलीकडे क्युबा देश सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे.

ही बेटे एका रस्त्याने जोडलेली आहेत. त्या रस्त्यावर ४२ पूल आहेत. पूर्वी तिथून आगगाडी जायची. ती १९१२ साली की वेस्टला पोचली. १९३५ च्या सप्टेंबरात भयंकर वादळ झाले, रूळ उखडले, माणसे गेली. आगगाडी पुन्हा सुरू झालीच नाही. तिच्याच पुलांच्या आधाराने १९३८ साली मोटारीचा रस्ता झाला.

आपल्या उदयपूरवरून नकाशावर आडवी रेघ ओढत नेली, तर ती की वेस्टच्या जवळूनच जाईल. म्हणजे हा मुलूख उष्णच. की वेस्टमध्ये आजवर कधी दहिवर गोठल्याची नोंद नाही. पण त्याच देशाच्या उत्तरेला डिसेंबर ते मार्च बर्फ पडतो. तळी गोठतात, दारापुढचा बर्फ फावड्याने ओढावा लागतो. मग ज्याच्या गाठीला पैसा आहे तो चार दिवस दक्षिणेला येतो. आपल्याकडे जत्रेचा हंगाम असतो, तसा हा त्या बेटांवरचा पाहुण्यांचा हंगाम. आणि नेमक्या त्याच दिवसांत मासाही तिकडे येतो. कसा, ते आता बघा.

समुद्रातली नदी

त्या बेटांपासून आठ-दहा किलोमीटर आत गेले की पोवळ्याचे खडक लागतात. पोवळे म्हणजे आपण माळेत ओवतो त्याच जातीचे जीव. त्यांची घरे साठून खडक झालेले असतात. खडकांच्या पलीकडे तळ एकदम खोल जातो. आणि तिथून एक नदी वाहते.

समुद्रात नदी? होय. काठ नाहीत, पण प्रवाह आहे. तिला गल्फ स्ट्रीम म्हणतात. दक्षिणेकडचे ऊन पाणी घेऊन ती उत्तरेकडे धावते. फ्लोरिडापाशी तिचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर असतो, म्हणजे माणसाच्या झपझप चालीइतका. जगातल्या सगळ्या नद्यांचे पाणी एकत्र केले, तरी त्याच्या वीसपटीहून जास्त पाणी तिथून एकटी ती नेते. भर हिवाळ्यातही वरचे पाणी २४-२५ अंश ऊन असते. तिचा रंग गडद निळा. किनाऱ्याजवळचे पाणी हिरवट. दोन्ही रंग जिथे भेटतात ती कड डोळ्यांना स्पष्ट दिसते.

या नदीचा पहिला छापील नकाशा कसा झाला, ती हकिगत सांगण्यासारखी आहे. १७६८ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये टपालखात्याचे काम पाहत होते. ढगातली वीज पतंगाने खाली आणणारे ते हेच फ्रँकलिन. तक्रार अशी आली की सरकारी टपालाच्या जहाजांना इंग्लंडहून अमेरिकेला जायला व्यापारी जहाजांपेक्षा दोन आठवडे जास्त लागतात. कारण कुणालाच सांगता येईना. तेव्हा फ्रँकलिननी आपल्या एका नातलगाला विचारले. त्याचे नाव टिमथी फोल्जर. नॅन्टकेट बेटावरचा हा देवमासे धरणारा नाखवा. तो म्हणाला, टपालाची जहाजे त्या प्रवाहाच्या उलट जातात, म्हणून अडतात. देवमासे प्रवाहात शिरत नाहीत, कडेकडेने राहतात. त्यांच्या मागे फिरून आम्हाला त्याची कड पाठ झाली आहे. इंग्रज कप्तानांना आम्ही सांगतो, पण ते ऐकत नाहीत.

फ्रँकलिननी त्याच्याकडून प्रवाह कागदावर काढून घेतला आणि नकाशा छापला. गंमत अशी की पुष्कळ दिवस इंग्रज कप्तानांनी तोही बाजूला टाकला. मासे धरणाऱ्याचे काय ऐकायचे!

उत्तरेचा वारा

फोल्जरला देवमासे प्रवाहाच्या कडेला सापडत. आजचे होडीवालेही प्रवाहाच्या कडेलाच जातात, पण दुसऱ्या माशासाठी. त्याला आपण 'शिडाचा मासा' म्हणू. त्याच्या पाठीवर शिडासारखा उंच निळा पर असतो. मनात आले की तो उभारतो, नाही तर पाठीच्या खाचेत मिटून ठेवतो. तोंडापुढे भाल्यासारखी चोच. लांबी सहा-सात फूट, वजन बहुधा पंधरा-वीस किलो. लहान माशांच्या थव्यात शिरून तो चोचीने सपासप वार करतो आणि जखमी झालेले मासे खातो. आपल्या अरबी समुद्रातही हा मासा आहे.

हिवाळा लागला की उत्तरेचे पाणी थंड होते. शिडाचा मासा उबेच्या आणि खाद्याच्या मागे दक्षिणेकडे सरकतो. दर आठ-दहा दिवसांनी उत्तरेकडून गार हवेची लाट येते. वारा फिरतो, उत्तरेचा होतो. आता विचार करा. प्रवाह चालला उत्तरेकडे आणि वारा सुटला दक्षिणेकडे. दोघे समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात, आखूड आणि टोकदार. साध्या माणसाला हा दिवस नकोसा वाटेल. पण याच दिवशी शिडाचा मासा वर येतो आणि लाटेच्या उतारावरून घसरत दक्षिणेला जातो. शेपटीचे टोक तेवढे पाण्याबाहेर दिसते. होडीवरच्या उंच मचाणावरून तांडेल ते टोक हेरतो आणि ओरडतो.

म्हणजे वारा हवा, पण बेताचा. फार झाला तर होडी बाहेर काढता येत नाही, आणि अजिबात नसला तर मासा वर येत नाही. रेडिओवर सरकारी हवामानखात्याची सूचना दिवसभर चालू असते. लहान होड्यांना इशारा दिला की शहाणा तांडेल गिऱ्हाइकाला घरी पाठवतो. त्या दिवसाचे भाडे बुडते. पाहुणा लांबून आलेला असतो, चिडतो. तरीही "आज नाही" म्हणता येणे, हे या धंद्यातले पहिले शिक्षण.

सहा माणसे

भाड्याच्या होड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक मोठी, एसटीसारखी. डोईमागे तिकीट काढायचे, चाळीस-पन्नास माणसे कठड्याला लागून उभी राहतात आणि तळाचे मासे धरतात. दुसरी संपूर्ण भाड्याची. तीत गिऱ्हाइके सहाच. चार तास किंवा आठ तास. अख्ख्या दिवसाचे भाडे हजार डॉलरच्या वर जाते. ते सहा जणांत वाटून घेतात. खलाशाला वर बक्षिसी देण्याची रीत आहे, आणि त्याचे पोट बरेचसे त्या बक्षिसीवरच असते.

सहाच का? अशा होडीच्या तांडेलाला सरकारी परवाना लागतो. तो मिळवायला समुद्रावर ३६० दिवस काम केल्याचा दाखला आणि परीक्षा लागते. त्यावर सहापर्यंत उतारू नेता येतात. सहापेक्षा जास्त न्यायचे तर होडीचीही सरकारी तपासणी व्हावी लागते. या नियमामागे एक दुःखाची गोष्ट आहे.

ती फ्लोरिडाची नव्हे, दूर उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉक बंदराची. १ सप्टेंबर १९५१. सुट्टीचा दिवस. 'पेलिकन' नावाची ४२ फुटी होडी गळवाल्यांना घेऊन निघाली. होडीवर माणसे किती, तर ६४! दुपारी वारा सुटला. परत फिरताना एक इंजिन बंद पडले. आडव्या लाटा आल्या, माणसे एका बाजूला लोटली गेली आणि होडी कलंडली. ४५ माणसे बुडाली. त्यांत तांडेलही होता. पुढे १९५६ साली कायदा कडक झाला.

आपल्याकडे यात्रेच्या दिवशी नावेत आणखी दोघे, आणखी चौघे चढतात. "चला हो, काय होतंय!" असे म्हणतात. तेव्हा ६४ हा आकडा आठवावा.

पतंगाला बांधलेले आमिष

आता खडकाच्या कडेला काम कसे चालते ते पाहू. पहाटे खलाशी जाळे टाकून तारलीच्या जातीचे लहान मासे धरतो आणि होडीवरच्या टाकीत जिवंत ठेवतो. टाकीत समुद्राचे ताजे पाणी सतत खेळते. मग होडी खडकाच्या कडेला जाते आणि खलाशी पतंग उडवतो!

हसू नका. खराच पतंग. आपल्याकडे संक्रांतीला उडतो, त्यापेक्षा मजबूत कापडाचा. पतंगाच्या दोरीला चिमटा असतो आणि गळाची दोरी त्या चिमट्यातून खाली सोडलेली असते. आमिषाचा जिवंत मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात तडफडत राहतो. दोरी हवेत असते, पाण्यात दिसत नाही, म्हणून शिडाच्या माशाला संशय येत नाही. तो झडप घालतो, चिमट्यातून दोरी सुटते आणि काठीच्या फिरकीवरून सूंऽऽ करीत पळू लागते. मासा पाण्याबाहेर उड्या घेतो. एकदा, दोनदा, दहादा. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो असे म्हणतात. याच क्षणासाठी पाहुणा बर्फातून इतक्या लांब आलेला असतो.

सोडलेला मासा

पूर्वी हा मासा मारून धक्क्यावर आणत. फोटो काढत, आणि मग पुष्कळदा फेकून देत. खाण्यासाठी त्याला कुणी फारसे विचारत नसे. माशांची अशी नासाडी पाहून १९३० नंतरच्या काळातच काही गळवाले म्हणू लागले की हे बरे नव्हे. हळूहळू सोडून देण्याची रीत पडली. आज फ्लोरिडात बहुतेक सगळे शिडाचे मासे सोडले जातात. कायद्याने माणशी दिवसाला एक ठेवता येतो, तोही ६३ इंचांपेक्षा लहान असता कामा नये. विकता तर येतच नाही. विक्रीला १९८८ पासून बंदी आहे.

सोडायचा म्हणजे तो जगला पाहिजे. इथे खलाशाची कसोटी. जुना गळ आपल्या छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला असतो. मासा तो गिळतो आणि गळ आतड्याला लागतो. नवा गळ जवळजवळ गोल असतो. तो घशात अडकत नाही. बाहेर सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. एवढ्याशा लोखंडाच्या वाकवण्याने कितीतरी मासे वाचले. या जातीच्या माशांच्या शर्यतीत खरे आमिष वापरायचे तर गोल गळच लावला पाहिजे, असा नियम २००८ साली झाला.

मासा सोडायचा असेल तर त्याला पाण्याबाहेर काढायचा नाही, असाही तिथला नियम आहे. खलाशी कठड्यावरून वाकतो, हातमोजा घातलेल्या हाताने चोच धरतो. होडी अगदी सावकाश पुढे जाते. असे का? माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो. कल्ल्यांवरून पाणी वाहिले तरच त्याला दम मिळतो. पळून पळून थकलेल्या माशाला असे थोडा वेळ ओढत नेले की तो शेपूट हलवू लागतो. मग हात सोडायचा.

काही माशांच्या पाठीत खलाशी आधी एक बारीक खूण टोचतो. तिच्यावर क्रमांक असतो. जनावराच्या कानातला बिल्ला असतो ना, तसेच. ही पद्धत १९५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुड्स होल येथील समुद्रशास्त्राच्या संस्थेत सुरू झाली. संस्थेजवळ इतक्या होड्या कुठून असणार? म्हणून तिने गळवाल्यांनाच मदतीला घेतले.

आता आजोबांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पोटासाठी नव्हे, तर हौसेसाठी जीव दमवायचा, हे बरे का? आमचे मत सांगतो. आम्हाला हे सगळेच गोड वाटत नाही. सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. काही मरतात. ज्याला माशाची दया येते त्याने गळ टाकूच नये, हे सरळ आहे. पण हौशी माणूस येणारच असेल, तर मारून फेकण्यापेक्षा जपून सोडणे कितीतरी चांगले. आणि होडीवाल्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब उघड आहे. त्याने मासा विकला असता तर तो एकदाच विकला गेला असता. तो विकतो समुद्रावरचा दिवस. मासा पाण्यात राहिला तर उद्याचा दिवसही विकता येतो.

हेकरूची सुट्टी

सगळेच मासे सोडतात असे मात्र नाही. खायचे मासेही पुष्कळ घरी नेतात. हिवाळ्यात तिकडे सुरमईची भावंडे येतात. आपल्या सुरमईचे आणि त्या माशाचे कूळ एकच. तांबोशीच्या कुळातला पिवळ्या शेपटीचा मासा तर बारा महिने असतो. प्रत्येकाची लांबी ठरलेली, संख्या ठरलेली. होडीवर मोजपट्टी चिकटवलेली असते. पट्टीला कमी भरला की परत पाण्यात.

माही माही नावाचा एक सोनेरी-हिरवा मासा आहे. तो कमी आणि लहान येऊ लागला, अशी तिथल्या गळवाल्यांची आणि होडीवाल्यांची तक्रार होती. तेव्हा २०२२ साली फ्लोरिडा राज्याने आपल्या अटलांटिक बाजूच्या पाण्यात माणशी दहाचे पाच केले. भाड्याच्या होडीवर तांडेल आणि खलाशी यांच्या नावावर एकही धरायचा नाही, असेही ठरवले. पूर्वी त्यांच्या वाट्याचे मासे गिऱ्हाइकाच्या पाटीत जात असत.

पण सगळ्यांत विचार करण्याजोगा नियम हेकरूचा. आपल्याकडे मालवणच्या बाजूला त्याला गोब्राही म्हणतात. फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला आणि कीजमध्ये उथळ पाण्यातल्या हेकरूंना जानेवारी ते एप्रिल हात लावायचा नाही. म्हणजे पाहुण्यांच्या ऐन हंगामात बंदी! २०१० सालापासून ही चार महिन्यांची बंदी आहे. का, ते नीट ऐका.

तिकडच्या पुष्कळ हेकरूंची रीत निराळी आहे. मासा जन्मतो तो मादी म्हणून. अंडी घालतो, वाढतो. आणि बराच मोठा झाला की त्यांतल्या काही माद्या नर होतात! चमत्कार वाटतो, पण खरे आहे. म्हणजे नर सगळे मोठ्या माशांत. आणि गळवाल्याला हवा असतो मोठाच मासा. मोठे मोठे उचलत गेले तर माद्या राहतील आणि नर राहणार नाहीत. त्यातून हे मासे हिवाळा-वसंतात ठरलेल्या जागी जमून अंडी घालतात. ती जागा ज्याला सापडली त्याला एका दिवसात सगळा वंश उपसता येईल. पेरणीचे बियाणे दळून खाल्ले तर पुढे काय पेरणार?

आपल्या राज्यातही यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पावसाळा हा पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ, आणि दर्याही खवळलेला असतो. यंत्रे आणि कायदा येण्याआधी आमचा कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी शाकारून ठेवीतच असे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवली. त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. बाजारात चार बोटांएवढी पिल्ले टोपलीत दिसतात, तेव्हा घेणाऱ्यानेही दोन शब्द विचारायला हरकत नाही.

बरे-वाईट दिवस

होडीवाल्याचे दिवस सगळेच सुखाचे नसतात. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात थंडीची मोठी लाट आली आणि बरेच दिवस हटली नाही. उथळ खाडीतले पाणी दहा अंशांच्याही खाली गेले. पोवळी मेली, पाणगायी मेल्या. स्नूक नावाचा मासा, जो आपल्या जिताड्याच्या तोंडवळ्याचा असतो, तो ढिगांनी मेला. सरकारने स्नूक ठेवायला बंदी केली. गल्फच्या बाजूला ती २०१३ पर्यंत उठली नाही. गिऱ्हाइकाला गळाची मजा देता येई, पण मासा घरी नेता येत नसे.

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा नावाचे वादळ थेट बेटांवर आले. धक्के मोडले, होड्या बुडाल्या, घरे गेली. २०२० साली करोनाची साथ आली. तेव्हा २२ मार्चपासून १ जूनपर्यंत बेटे पाहुण्यांना बंद होती. रस्ता एकच, त्यावर चौकी बसली. समुद्र शांत, मासा हजर, पण गिऱ्हाईक नाही. ऐन कमाईचे दिवस गेले. होडीचा हप्ता, धक्क्याचे भाडे, विमा हे मात्र चालूच.

या बेटांवर अर्नेस्ट हेमिंग्वे नावाचे मोठे लेखक १९३० नंतरच्या दिवसांत राहत. त्यांची स्वतःची होडी होती, आणि याच प्रवाहात ते मासे धरत. पुढे १९५२ साली त्यांनी क्युबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची कथा लिहिली. पु. ल. देशपांडे यांनी ती १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणली. आता वाचता येते आहे, तर पुढेमागे ते पुस्तक जरूर हाती घ्या.

निशाण आणि कार्ड

दुपार कलली की होड्या परत येतात. धक्क्यावरच्या फळीवर खलाशी खायचे मासे साफ करतो. पाणकोळी पक्षी मोठ्या चोची पसरून तुकड्यांची वाट बघत बसतात. प्रत्येक होडीच्या काठीवर छोटी निशाणे फडकत असतात. निशाणावर शिडाच्या माशाचे चित्र. जितके मासे गळाला लागले तितकी निशाणे. चित्र उलटे टांगले असेल तर समजायचे, मासा सोडला. धक्क्यावर उभा असलेला माणूस लांबूनच मोजतो, "तीन उलटी!" ज्या होडीवर उलटी निशाणे जास्त, तिच्याकडे उद्याचे गिऱ्हाईक आधी जाते. कुणाला घरात मासा टांगायचाच असला, तर लांबीच्या अंदाजावरून हुबेहूब रंगवलेला मासा कारखान्यातून करून मिळतो. खरा मारावा लागत नाही.

तांडेलाचे काम अजून उरलेले असते. किती मासे धरले, किती सोडले, कुठे धरले, हे त्याला लिहावे लागते. अटलांटिक बाजूच्या भाड्याच्या होड्यांसाठी २०२१ साली दर आठवड्याला असा अहवाल पाठवण्याचा नियम झाला. तो कागदावर नव्हे, फोनवर किंवा संगणकावर भरायचा.

आणि खूण टोचलेल्या माशांची माहिती राहते. तीही लिहायची. क्रमांक, तारीख, जागा, लांबीचा अंदाज, वजनाचा अंदाज, धरणाऱ्याचे नाव. पुढे महिन्याने म्हणा, वर्षाने म्हणा, क्युबाजवळ किंवा आणखी कुठे दुसऱ्याच कुणाच्या गळाला तो मासा लागला, आणि त्याने खुणेवरचा क्रमांक वाचून कळवला, तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहतात. मासा किती लांब गेला, किती दिवसांत गेला, किती वाढला, ते तेव्हा समजते.